गोजरबाई उतरल्या नव्हत्या

मित्रांनो, जुन्या वस्तूंची रडगाणी तुम्ही पुष्कळ ऐकली असतील. फाटकी छत्री कण्हते, मोडकी खुर्ची उसासे टाकते आणि शेवटी तुमचे डोळे पाणावतात. माझ्याकडून तसलं काही मिळणार नाही. मी एक कंडेन्सर आहे. जुना आहे. आणि मला राग आलेला आहे.

दिसायला मी करंगळीएवढा. मेणकागदाची एक नळी, दोन्ही टोकांना तारेचा एकेक पाय. रस्त्यात पडलेलो दिसलो तर विडीचं थोटूक समजून पायानं उडवाल.

जन्म. सातासमुद्रापलीकडच्या कारखान्यात. तिथल्या एका बाईनं पातळ पत्रा आणि कागद एकावर एक ठेवून त्यांची सुरळी केली आणि मला वितळलेल्या मेणात बुडवलं. त्या वेळी ती शिंकली. तिच्याबद्दल एवढंच आठवतं.

बालपण. नव्हतं. पुढे.

काम. हे मात्र नीट ऐका, कारण सगळा घोळ इथंच आहे. मला बसवलं ते एका विजेच्या पेटीत. दिसायला हार्मोनियमची धाकटी बहीण, पण भाता नाही. आत काचेचे व्हॉल्व्ह. खटके फिरवले की तीच पेटी सनईसारखी, पुंगीसारखी, व्हायोलिनसारखी वाजायची. माझं काम वीज साठवायची आणि सोडायची.

भर. सोड.

भर. सोड.

भर. सोड.

डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात हे कितीतरी वेळा. ज्या वेगानं मी भरतो आणि रिकामा होतो, त्या वेगाला तुम्ही सूर म्हणता. आता मला विजेची घागर समजा. ती घागर लहान झाली तर काय होईल? लवकर भरेल, लवकर रिकामी होईल. वेग वाढेल. सूर चढेल. पेटीतली एक पट्टी नव्हे, सगळ्या पट्ट्या एकदम चढतील. त्यामुळे पेटी स्वतःशी सुरातच राहील आणि बाकीचं सगळं जग बेसूर वाटेल. कळलं? दुसरीतल्या पोराला कळेल. पण राहात्याच्या आप्पासाहेबांना ते कळायला तीन गावांत बोभाटा व्हावा लागला.

मुंबईत माझे लाड झाले. सिनेमाच्या गाण्यांत आमची पेटी वाजायची. गार खोली, जाड पडदे, दोन गाणी झाली की विश्रांती. लोक यायचे, पेटीभोवती गोळा व्हायचे, "काय आवाज आहे!" म्हणायचे. पुढे नवी यंत्रं आली आणि आमची पेटी आप्पासाहेबांनी घेतली. विकणाऱ्यानं सूर लावायच्या घुंडीवर लाख ओतून ती पक्की बसवून दिली. म्हणाला, "सूर कायमचा लावून दिलाय, आता हात लावायचं काम नाही."

कायमचा! मेण, कागद आणि पत्र्यावर उभा असलेला सूर, आणि कायमचा!

आप्पासाहेबांचं कलापथक होतं आणि पेटी ते स्वतः वाजवायचे. गवळण, बतावणी, मध्ये दोन सिनेमाची गाणी, शेवटी लोकनाट्याचा एखादा तुकडा. राहाता, कोपरगाव, वैजापूर, जिथं बोलावणं येईल तिथं. गळ्याची बाजू सगळी गोजरबाईंवर. बाई मूळच्या खर्ड्याकडच्या. लहानपणी आईबापांबरोबर ऊसतोडीला कारखान्यावर यायच्या. बैलगाडीत मोळ्यांवर बसून गायच्या ते आप्पासाहेबांच्या वडलांनी ऐकलं आणि आपल्या तमाशाच्या फडावर उभं केलं. तेव्हापासून गातायत. ना नवरा टिकला, ना घर झालं. एकच गोष्ट त्यांच्या नावावर होती. लोक म्हणायचे, "गोजरबाई सुराला पक्की."

आमच्या पेटीच्या मागची फळी श्रीरामपूरच्या रस्त्यावर टेम्पोतून कुठंतरी पडली. ती कुणी परत लावली नाही. त्या भगदाडातून मला पेटीपलीकडचं, लोकांच्या बाजूचं दिसायचं. गोजरबाई तिथंच, लोकांकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यामुळे त्यांचं तोंड मी क्वचितच पाहिलं. मी त्यांच्या टाचा पाहिल्या. भेगाळलेल्या, जमिनीला घट्ट टेकलेल्या टाचा.

त्याच भगदाडातून ऊन यायचं, फुफाटा यायचा, कारखान्यावर गेलो की उसाच्या भुशाची कुसं यायची. मी तापायचो. अंगावरचं मेण पाघळायचं. गार झालो की गोठायचं, पण आधी होतं तसं नाही. पहिल्या वर्षी काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी थोडं. मग असं होऊ लागलं की कार्यक्रम सुरू होताना पेटी बरोबर असायची आणि तासाभरात, मी भाजून माझी घागर लहान झाली की, ती वर सरकायची. हळूहळू. अंगणातली सावली सरकते तशी. बघत बसलं तर दिसत नाही.

आणि मग जे व्हायचं ते बघून मला अजूनही संताप येतो.

ढोलकीवाला सूर्यभान ढोलकीच्या कड्या ओढून ती वर घ्यायचा. क्लॅरिनेटवाला नळी आत सारून वर यायचा. दोघांच्याही कानाला कळायचं की आपलं जुळत नाही. पण दोघांनीही एकदासुद्धा पेटीकडे संशयानं पाहिलं नाही. विजेची ना ती! सगळे वर गेले की गोजरबाई एकट्या मूळ जागेवर उरायच्या. आणि समोरच्या माणसाला ऐकू काय यायचं? की बाईचा सूर उतरतोय.

"बाई, खाली चाललाय तुमचा," आप्पासाहेब पहिल्यांदा म्हणाले ते कोळपेवाडीच्या जत्रेत, पडद्यामागं.

"माजा जाग्यावर हाय, आप्पा. तुमचाच वर चाललाय."

"माझा कुठला? ही इजेवर चालती. इजेला काय वय असतं व्हय?"

सूर्यभान हसला. "आक्का, पेटीला पाय न्हाईत वर चढायला."

"तुज्या ढोलकीला तरी कुटं हायत? ती बी चढतीच की तिच्यामागं."

"मग काय करू? मालकाला सोडून तुमच्यामागं येऊ?"

"मालकाला न्हाई, कानाला सोडू नगंस एवढंच म्हनते."

हसण्यावारी गेलं. पण पुढच्या कार्यक्रमाला मी टाचा उचललेल्या पाहिल्या. गोजरबाई चवड्यांवर उभ्या राहून वर, आणखी वर, पेटीपर्यंत पोचायला बघत होत्या. पोचायच्या. तोवर मी आणखी सरकलेलो असायचो. असं महिनोन् महिने. घसा सोलून निघाला. ज्येष्ठमध झालं, खडीसाखर झाली, हळदीचं दूध झालं. कुणी म्हणालं, बाहेरचं असंल. गोजरबाई म्हणाल्या, "बाहेरचं न्हाई, आतलं हाय. त्या पेटीच्या आतलं."

"हातपेटीशी मिळवून बगा एकदा," त्या आप्पासाहेबांच्या मागं लागल्या. "गार आसताना एकदा, तापल्यावर एकदा."

आप्पासाहेबांची जुनी हातपेटी माळ्यावर पडली होती. शिडी लावून काढायची, भाता ओढायचा, पट्टी दाबायची. मित्रांनो, एवढंच! माझ्या म्हातारपणाची तपासणी एवढी सोपी होती. पण आप्पासाहेब म्हणाले, "इजेची पेटी घरात असताना भात्याची काढली तर लोक काय म्हनतील? पथक बसलं म्हनतील."

शेवटी कटकट नको म्हणून पेटी कोपरगावला मच्छिंद्रकडे नेली. मच्छिंद्र रेडिओ दुरुस्त करायचा. दुकानाबाहेरच्या बाकावर गोजरबाई बसल्या. त्यानं पेटी उघडली, व्हॉल्व्ह उपसले, त्यांच्यावर तोंडानं वाफ सोडली, सदऱ्याला पुसले, परत खुपसले. एकाला टिचकी मारली. एक बदलला. पेटी गारच होती. तिच्यावर त्यानं एक पट्टी दाबली आणि स्वतःच "वा!" म्हणाला.

"आतलं समदं बगितलं का, दादा?" गोजरबाईंनी विचारलं.

"समदं म्हंजे काय, बाई? हे पेटत्यात ना, ते व्हॉल्व्ह. बिघडलं तर तेच बिघडत्यात."

"आन् हे बारकं बारकं काय हाय?"

"ते कंडेन्सर. ते हलत न्हाई, पेटत न्हाई. त्याला काय हुतंय?"

त्याचं बोट माझ्या अंगावर होतं. बरं का, अंगावर! बोटाला मेण चिकटलं. त्यानं ते फडक्याला पुसलं, उरलेलं माझ्याच अंगावर थापून गुळगुळीत केलं, आणि पेटी मिटली.

हलत नाही, पेटत नाही, म्हणून त्याला काही होत नाही. हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला मला एकदा मेणात बुडवून उन्हात ठेवायचंय. भिंत हलत नाही. ती पडत नाही? दात पेटत नाही. तो किडत नाही? मी जागच्या जागी झिजत होतो आणि ज्याचं पोट झीज शोधण्यावर चालतं त्यानं मला सारवून ठेवलं!

दसरा आला. खंडेनवमीला आप्पासाहेबांनी पेटीला झेंडूची माळ घातली. ढोलकीला, तुणतुण्याला, क्लॅरिनेटला हळदीकुंकू. मागच्या भगदाडातून चिमूटभर कुंकू माझ्यावरही पडलं. सगळ्यांनी हात जोडले. मी मेणात कुंकू मिसळून बसलो. पूजा झाली. तपासणी नाही.

त्याच्या पुढच्या बाजारी राहात्यात कार्यक्रम होता. भर बाजार. मिरच्यांचे ढीग, पेरूच्या पाट्या, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. तिसऱ्या गाण्याला पेटी पार वर गेली. गोजरबाई चवड्यांवर. आवाज फाटला. लोकांत खसखस पिकली. आणि आप्पासाहेबांनी गाणं थांबवून माईक तोंडाजवळ घेतला.

"मंडळी, बाईंचं वय झालंय. जरा सांभाळून घ्या."

बाजारभर लावलेल्या कर्ण्यांतून ते वाक्य गेलं. मिरचीवालीनं ऐकलं, न्हाव्यानं ऐकलं, कोर्टाच्या कामाला आलेल्या माणसांनी ऐकलं.

"आजीला बसवा खाली, नातीला उभी करा!" कुणीतरी ओरडलं.

नात म्हणजे पुष्पावती. आप्पासाहेबांनी महिन्यापूर्वीच श्रीगोंद्याकडून 'शिकायला' आणलेली कोवळी पोरगी. ती गोजरबाईंच्या जागेसाठी आणली होती हे पथकात सगळ्यांना ठाऊक होतं.

मला दिसल्या त्या टाचा. आधी उचललेल्या होत्या. त्या सावकाश खाली आल्या, जमिनीला टेकल्या आणि परत उचलल्या नाहीत. उरलेलं गाणं बाईंनी स्वतःच्या जागेवरून, खालीच, पूर्ण केलं. लोक हसले. त्यांनी हसू दिलं.

कार्यक्रम उरकल्यावर आप्पासाहेब म्हणाले, "पुढच्या हप्त्यात कारखान्यावर मोळीचा कार्यक्रम हाय. चेअरमन, डायरेक्टर, समदा तालुका यायचा. तितं उतरलात, तर तितंच पुष्पावती उभी ऱ्हाईल. मला इलाज न्हाई."

"मला बी," गोजरबाई म्हणाल्या.

भर. सोड. भर. सोड. आतल्या आत मी ओरडत होतो. मला काढा! मला तपासा! पण मला एकच सूर येतो आणि तोच चुकलेला होता.

मोळीचा दिवस. कारखान्यात ऊसगाळप सुरू होतं त्या दिवशी ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीत पहिली मोळी टाकतात, पूजा होते, नारळ फुटतो. नंतर मांडवात जेवणं आणि करमणूक. आमच्या आधी ऊसवाल्यांच्या भजनी मंडळाचे अभंग झाले. मंडळाची हातपेटी स्टेजच्या कडेलाच होती आणि तिच्यामागं राधाकृष्णबुवा पान चघळत बसले होते.

सुरुवातीला, पेटी गार असताना, गोजरबाई बुवांकडे गेल्या.

"बुवा, जरा माजी पट्टी दाबा की."

"का गं बाई? तुमच्याकडं तर इजेची हाय."

"हाय. पन आज सोयरिक जुळवायची हाय दोघींची."

बुवांनी पट्टी दाबली. आप्पासाहेबांनीही नेमकी तेव्हाच आपली दाबली. दोन्ही पेट्या एकच बोलल्या. बुवांनी मान डोलावली. "जुळली सोयरिक. हुंडा कोन देनार?" आजूबाजूचे हसले.

कार्यक्रम सुरू झाला. दुपार कलली होती आणि मांडवाच्या फटीतून ऊन थेट माझ्या पाठीवर. पहिली गवळण नीट गेली. दुसऱ्या गाण्यात मी सरकायला लागलो. सूर्यभाननं कड्या ओढल्या. तिसऱ्या गाण्याला आप्पासाहेबांचा डावा हात वर झाला. वर घ्या, वर घ्या. पुढच्या रांगेतले डायरेक्टर एकमेकांकडे बघायला लागले. स्टेजच्या टोकाला पुष्पावती चाळ बांधून तयार होती.

गोजरबाई थांबल्या.

कडव्याच्या मध्येच. त्या दोन पावलं चालून हातपेटीपाशी गेल्या, बुवांच्या शेजारी मांडी घातली, एका हातानं भाता ओढला आणि मघाचीच पट्टी दाबली. भजनी मंडळाचा माईक अजून समोरच होता. तो सूर सगळ्या मांडवात पसरला. त्याच्यावर त्यांनी आपला आवाज ठेवला. ओढून नाही, ताणून नाही. झाकण भांड्यावर बसावं तसा तो बसला.

आप्पासाहेबांचा हात मात्र अजून पट्टीवरच होता. त्यामुळे आमचा सूरही चालू होता. दोन सूर एकमेकांच्या इतके जवळ आणि तरी वेगळे, की मांडवात नुसती किरकिर माजली. दाताखाली वाळूचा खडा यावा तशी.

"आरं, हे काय किरकिरतंय?" मागून कुणीतरी ओरडलं.

"हातपेटी जुनी हाय!" आप्पासाहेब म्हणाले. "उतरलीय ती!"

राधाकृष्णबुवांनी पान बाजूला थुंकलं. "ए! आमची पेटी उतरली म्हनतो व्हय? आरं, मघाशी दोन्ही एकच बोलत हुत्या की! घडीभरात आमचीच कशी उतरली? ती काय जेवायला गेल्ती का उतरून?"

मांडव फुटला हसून. या वेळी हसू बाईंवर नव्हतं. आप्पासाहेबांचा चेहरा मला दिसत नव्हता, पण त्यांचं बोट पट्टीवर घामेजलं होतं. त्यांनी ते उचललं. किरकिर थांबली. हातपेटी आणि गोजरबाई उरल्या.

मग एक आवाज आला. सर्र. सूर्यभान ढोलकीच्या कड्या सैल करत होता. त्यानं थाप मारून बघितली, आणखी सैल केली, बाईंच्या सुराला आणून ठेवली. ठेका धरला, एवढंच. राहिलेला कार्यक्रम ऊसवाल्यांच्या पेटीवर झाला.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गोष्ट संपली. नाही संपली. उलट माझा राग इथं दुप्पट झाला.

दुसऱ्या दिवशी पेटी परत मच्छिंद्रच्या टेबलावर. या वेळी गोजरबाई बाकावर बसल्या नाहीत, टेबलाशी उभ्या राहिल्या. "आदी तापू द्या," म्हणाल्या. पेटी चालू ठेवून त्यानं चहा घेतला, विडी ओढली. ती पुरती तापल्यावर खटका बंद केला आणि सोल्डरच्या सळईनं माझा एक पाय मोकळा केला. दोन्ही पायांना मीटर लावलं. काटा जिथं जायला नको तिथं जाऊन बसला.

"आयला," तो म्हणाला, "ह्यातनं तर नुसती गळती हाय."

मग त्याची ट्यूब पेटली. माझ्या शेजारच्यांचेही पाय सोडवले. त्यातले दोन माझ्यासारखेच निघाले. आम्हा तिघांच्या जागी नवे बसवले, लाख फोडून घुंडी मोकळी केली, सूर परत लावला. आणि आम्हाला? आम्हाला त्यानं चिमट्यात धरून केराच्या डब्याकडे नेलं.

"दादा, त्यातलं ते मेणचट मला द्या."

"ह्याचं काय करता, बाई?"

"दाखवायचंय."

मी पदराच्या गाठीत राहात्याला गेलो. आप्पासाहेब ओसरीवर बसले होते. पेटी नीट वाजतेय हे ऐकून त्यांना हायसं वाटलं होतं. "चला," ते म्हणाले, "यंत्रच ते. मिटलं एकदाचं."

"कुटं मिटलं? बाजारात म्हनलात तुमी, माईकवर. तितंच म्हना आता."

"लोक इसरले असतील, बाई."

"मी न्हाई इसरले. अवो, परवा पानी भराया गेल्ते तर नळावरच्या बाया मला जागा देऊन म्हनल्या, या आज्जी. लोक इसरत्यात व्हय?"

"मी मालक हाय पथकाचा. भर बाजारात मी माफी मागू?"

"माफी नगं. जे झालं त्ये म्हना."

"आन् न्हाई म्हनलो तर?"

"तर मी उभी ऱ्हानार न्हाई. मंग उभी करा पुष्पावतीला."

पुष्पावती चुलीपाशी तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही. "मला का मधी घेता?" ती म्हणाली. "मालक, आत्ताच म्हनून टाका काय त्ये. न्हाईतर पेटी परत बिघडंल तवा माजं वय काढाल."

आप्पासाहेबांनी ओसरीच्या खांबाकडे बघितलं. "बाजारी बघू," ते खांबालाच म्हणाले.

बाजारचा दिवस. त्याच मिरच्या, तेच कर्णे. आप्पासाहेबांनी माईक घेतला, खाकरले, परत खाकरले.

"मंडळी, मागल्या बाजारी आपल्या यंत्रात जरा बिघाड हुता..."

"जरा न्हाई," गोजरबाई शेजारून म्हणाल्या. माईकनं तेही उचललं. "आन् नाव घ्या."

आप्पासाहेबांनी कपाळ पुसलं. "गोजरबाई उतरल्या नव्हत्या," ते म्हणाले. "पेटी चढत हुती. मला कळलं न्हाई. मी बाईंचं वय काढलं. ते... ते माझं चुकलं."

बाईंनी पदराची गाठ सोडली आणि मला दोन बोटांत धरून उंच केलं.

"हे बगा," त्या म्हणाल्या. "म्हातारं हे झालं हुतं. मी न्हाई."

लोकांनी टाळ्या पिटल्या. मी उन्हात, सगळ्या राहात्यासमोर, थोटकासारखा. आणि मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी मला गोजरबाईंचाही राग आला. मी म्हातारा झालो, हो, झालो. मेण म्हातारं होतं, कागद म्हातारा होतो. त्यात लाजायचं काय? कालपर्यंत बाईंच्या म्हातारपणाला हसत होतात, आज माझ्या हसताय. तुम्हाला फक्त हसायला कुणीतरी म्हातारं हवं असतं! दोष वयाचा नव्हता. पाच वर्षं कुणी माझा पाय सोडवून बघितला नाही, याचा होता.

म्हणून सांगतो. तुमच्या घरात रेडिओ असेल, देवळात भोंग्याचं मशीन असेल, शाळेत असलीच एखादी पेटी असेल. जे चमकतं तेवढंच पुसू नका. जे गप्प बसलेलं आहे ते आधी बघा. मेण पाघळलंय का, टोक फुगलंय का, अंगाला चीर गेलीय का. जाणत्याकडून बघून घ्या, बंद पेटीतसुद्धा आमच्यात वीज साठलेली असते, पोराटोरांनी बोट घालू नये. त्याला सांगा, एक पाय मोकळा कर, मीटर लाव. गार असताना लाव आणि तापल्यावर परत लाव. नापास झालो तर खुशाल काढा. मला त्याचं दुःख नाही. पण माझी तपासणी होईपर्यंत कुणाच्या गळ्यावर, कुणाच्या हातावर, कुणाच्या वयावर बोलू नका. पूजा तर त्याहून नंतर.

टाळ्या थांबल्या. आप्पासाहेब घाईघाईनं पेटीमागं बसले आणि पट्टी दाबली. त्यांना ते सगळं गाण्याखाली झाकून टाकायचं होतं.

"सुरू करा, बाई."

"न्हाई," गोजरबाई म्हणाल्या. माळ्यावरची हातपेटी त्यांनी सूर्यभानकडून उतरवून आणली होती. ती त्यांनी पुढ्यात ओढली. "आत्ता गार हाय ती. तापू द्या."

"आवो, लोक थांबल्यात!"

"थांबतील. मी थांबलेच की."

मग सगळा बाजार थांबला. पेरूवाल्यानं चाळा म्हणून एक पेरू कापून खाल्ला. कुणी विडी पेटवली. सूर्यभान ढोलकीला हात न लावता मांडीवर हात ठेवून बसला. नव्या कंडेन्सरांच्या पाठीवर भगदाडातून ऊन चढत गेलं. गोजरबाईंच्या मुठीत मला घाम लागत होता. बऱ्याच वेळानं त्यांनी हातपेटीचा भाता ओढला आणि आप्पासाहेबांना हनुवटीनं खूण केली.

"हं. दाबा आता."

आणि राहात्याच्या त्या बाजारात लोक माना उंचावून, बाईकडे नाही, पेटीकडे बघायला लागले.